साहेबांचा विसर्ग

आमच्या घरात लघवीला लघवी म्हणत नाहीत. सासूबाई 'जाऊन येते' म्हणतात. कुठे, ते विचारायचं नसतं. सासरे, ज्यांना सगळी सोसायटी अण्णा म्हणते, ते 'हात-पाय धुऊन येतो' म्हणतात आणि परत येतात तेव्हा त्यांचे पाय कोरडे असतात. नवरा चव्वेचाळिसाव्या वर्षीही 'एक नंबर'वरच आहे. शाळेत वर केलेली करंगळी अजून पुरती खाली आलेली नाही. लग्नाच्या हॉलवर अनोळखी माणसाला विचारायची वेळ आली तर 'लघुशंका' निघते. ज्या बाबतीत माणसाला शंका अशी उरलेलीच नसते, नुसती खात्री असते, तिला हे नाव देणारे पूर्वज मोठे संयमी असले पाहिजेत.

असं हे घर. आणि या घरात गेलं वर्षभर रोज सकाळी साडेसहाला अण्णांचा खणखणीत आवाज घुमतो, "साहेबांना झाली! पंचाहत्तर ग्रॅम! रंग फिकट पिवळा, गाळ नाही!" मग देवघरातून सासूबाई "सुटलं बाई एकदाचं" म्हणतात आणि मी चहाचं आधण ठेवते.

साहेब म्हणजे आमचा ससा.

मुलीला खरं तर कुत्रा हवा होता. ती सहावीत, मी नोकरीत, आणि सोसायटीत कुत्र्यांवरून आधीच दोन तट. घासाघीस करत कुत्र्यावरून मांजरावर आणि मांजरावरून सशावर तह झाला. "ससा काय, कोपऱ्यात बसेल, गाजर खाईल," नवरा म्हणाला. या एका वाक्यात तीन चुका आहेत हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं, आणि पैसे किती लागले ते नवऱ्याला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. ससा कोपऱ्यात बसून राहत नाही. राहिला तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. गाजर हे त्याचं जेवण नव्हे, पेढा आहे. आणि 'ससा काय' असं तर कधीच म्हणू नये. मराठीत ससेहोलपट असा शब्द आहे. त्यात होलपट सशाची होते, अशी माझी समजूत होती.

नाव अण्णांनी ठेवलं. ते चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते आणि त्या चौतीसपैकी अकरा वर्षं एकाच कार्यकारी अभियंत्याच्या हाताखाली गेली. त्यांच्यापुढे फाइल ठेवली की ते आधी नाक उडवायचे, मग मान वळवून खिडकीबाहेर बघायचे आणि शेवटी सही न करता उठून जायचे. घरी आलेल्या सशापुढे अण्णांनी पहिल्या दिवशी कोथिंबिरीची काडी धरली. त्याने नाक उडवलं, मान वळवली आणि सोफ्याखाली निघून गेला. अण्णा गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हणाले, "अरे, हे तर साहेब!"

तेव्हापासून घरात सगळे साहेबांना अहो-जाहो करतात. साहेब कापसासारखे पांढरे, दोन किलो शंभर ग्रॅम वजनाचे, कानांच्या टोकांना राखाडी झाक असलेले. रानात सापडतो तो ससा वेगळा. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो घरी आणता येत नाही. आपल्याकडे दुकानात मिळतात ते मूळ युरोपातल्या जातीचे, म्हणजे एका अर्थी गोरे साहेबच.

पाच महिन्यांचे झाल्यावर साहेबांनी घरात हद्द कायम मोजणी सुरू केली. सोफ्याचे चारही पाय, मुलीचं दप्तर, नवऱ्याचा डावा बूट (उजवा कधीच नाही) आणि सासूबाईंच्या जपाच्या आसनाची कडा, इथपर्यंतचा सगळा सातबारा त्यांनी आपल्या नावे करून घेतला. वयात आलेला नर ससा असंच करतो, उभ्या उभ्या फवारतो. डॉक्टरांनी नसबंदी केली आणि काही आठवड्यांत वाद मिटला. जमिनीचा वाद आमच्या घराण्यात एवढ्या लवकर आजवर मिटलेला नाही.

पुढे एका सकाळी पांढऱ्या फरशीवर लालभडक डाग दिसला. मुलगी रडायला लागली, नवऱ्याने गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली आणि सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेतल्या. साहेब मात्र त्या डागाशेजारी बसून मिशा साफ करत होते. डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर मॅडम तरुण, कुत्र्यामांजरांच्या गर्दीत ससे, पोपट आणि कासवं वेगळ्या वेळी बघणाऱ्या. त्यांनी लघवीत चाचणीची पट्टी बुडवली, मिनिटभर थांबल्या आणि म्हणाल्या, "रक्त नाही. रंग आहे."

सशाची लघवी फिकट पिवळ्यापासून केशरी, विटकरी, तांबडी अशा कुठल्याही रंगाची असू शकते. झाडपाल्यातले रंग आणि शरीरातली काही द्रव्यं मिळून तसं होतं, आणि एकदोन दिवसांत आपोआप ओसरतं. डोळ्यांना रक्त आणि हा रंग सारखाच दिसतो, म्हणून पट्टी लावल्याशिवाय निवांतही व्हायचं नाही आणि रडायचंही नाही. मादी असती तर आणखी सावध राहावं लागलं असतं. नसबंदी न केलेल्या मादीत लाल दिसलं तर ते गर्भाशयातलं रक्त असू शकतं, आणि तिथला कर्करोग सशांमध्ये पुष्कळ आढळतो. आम्ही पट्टीचे पैसे देऊन रंगपंचमी साजरी करून परत आलो.

लाल डागाने असं फसवल्यामुळे पांढऱ्या डागाकडे आम्ही लक्षच दिलं नाही. साहेबांच्या ट्रेभोवती वाळलेल्या लघवीचा पांढरा थर दिसायचा. बोटाने चोळला तर खडूची पूड. कामाच्या मावशी म्हणाल्या, "वैनी, ह्यो ससा चुना लावतोय." त्या शब्दशः बोलत होत्या. तो थर खरोखरच चुन्याच्या जातीचा असतो, कॅल्शियम कार्बोनेटचा. फिनाइलने हलत नाही, पांढरं व्हिनेगर ओतून दहा मिनिटं थांबलं की फसफसून सुटतो. थोडासा असा चुना प्रत्येक निरोगी ससा लावतो, तेवढा चालतो. आम्हाला तो किती लागला, ते दिवाळीनंतर कळलं.

दिवाळीनंतर साहेब ट्रेमध्ये बसून राहायला लागले. पाठ कमानीसारखी, कान मागे, डोळे अर्धवट मिटलेले. दोन मिनिटं बसायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. कागदावर मात्र रुपयाएवढा ओला ठिपका. मागची बाजू सतत ओली, तिथले केस चिकटून पिवळे झालेले आणि खालची कातडी लाल. मांडीवर घेतलं तर दात करकर वाजवायचे. आम्हाला वाटलं थंडी वाजतेय; ते दुखण्याचं लक्षण होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवण सोडलं. ससा दहा-बारा तास काही खात नसेल तर ती धावपळ करण्याचीच वेळ असते, कारण त्याचं आतडं थांबलं की पुन्हा सुरू करणं फार अवघड. रात्री साडेनऊला आम्ही सहाच्या सहा, म्हणजे साहेबांसकट, गाडीत होतो.

एक्स-रे निघाला. मॅडमनी तो पडद्यावर लावला आणि मागच्या बाजूला एक अंडाकृती पांढराशुभ्र गोळा दिसला. मूत्राशय एरवी करडं दिसतं. साहेबांचं मणक्याइतकं पांढरं होतं. मुलीने विचारलं, "अंडं आहे का?"

"गाळ आहे," मॅडम म्हणाल्या.

या शब्दासरशी अण्णा खुर्चीतून उठले. इतका वेळ ते दाराजवळ, आपला काही संबंध नाही अशा थाटात बसले होते. ते पडद्यापाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि खात्यातल्या आवाजात विचारलं, "एकूण क्षमतेच्या किती टक्के?"

मॅडम आधी गोंधळल्या, पण हुशार होत्या. पुढची वीस मिनिटं त्या दोघांत जे बोलणं झालं ते सिंचन भवनात शोभलं असतं. मॅडम म्हणाल्या, "काका, आपलं आतडं गरजेपुरतंच कॅल्शियम आत घेतं. सशाचं तसं नाही. खाण्यात येईल तेवढं बहुतेक सगळं रक्तात जातं. दात आयुष्यभर वाढत असतात ना, ते लागतंही त्याला. मग उरलेलं मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात."

"म्हणजे वर दरवाजा नाही, नुसता सांडवा आहे," अण्णा म्हणाले.

"अगदी तसंच. बाकीचे बहुतेक सस्तन प्राणी दोन टक्क्यांहून कमी कॅल्शियम लघवीतून टाकतात. ससा निम्म्याच्या आसपास. त्यामुळे याची लघवी मुळात गढूळच. पाणी कमी प्यायला, हालचाल कमी झाली, वजन वाढलं, पिशवी नीट रिकामी झाली नाही, की ते तळाशी बसतं. आधी चिखल, मग टूथपेस्ट, आणि घट्ट झालं तर खडा. खडा झाला की ऑपरेशन."

"आणि वरून ओव्हरफ्लो होतो तो ओला ठिपका."

"हो. पातळ पाणी वरून पाझरतं, गाळ आतच राहतो. म्हणून मागची बाजू ओली."

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "उजनी." उन्हाळ्यात उजनी वजा टक्क्यांत गेल्याची बातमी बहुतेक दरवर्षी येते, तेव्हा धरणात पाणी दिसत असतं पण सहज वापरता येत नाही, कारण तो मृतसाठा असतो, आणि तोच त्रेसष्ट टीएमसीच्या वर आहे. साहेबांची अवस्था एवढ्या कमी शब्दांत मॅडमनाही सांगता आली नसती.

मग चौकशी सुरू झाली. "काय खायला देता?"

"घास," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

"कुठला घास?"

"लसूणघास. ताजा. रोज दोन जुड्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आमच्या कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी एक बाई गाय घेऊन बसते. दहा रुपयांना जुडी घ्यायची, गाईला भरवायची, नमस्कार करायचा. सासूबाई रोज चार जुड्या घ्यायच्या. दोन गाईला, दोन साहेबांना. गाईच्या पोटी पुण्य जमत होतं, साहेबांच्या पोटी कॅल्शियम. दुकानातल्या पाकिटावर अल्फाल्फा म्हणून जे महागडं गवत मिळतं, ते हेच. वाळलेल्या लसूणघासात सव्वा ते दीड टक्का कॅल्शियम असतं. साध्या वाळल्या गवतात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. वाढत्या पिल्लाला आणि दूध पाजणाऱ्या सशिणीला लसूणघास चालतो. वर्षभराच्या, नसबंदी झालेल्या, दिवसभर सोफ्याखाली लोळणाऱ्या साहेबाला नाही.

"आणखी?"

सासूबाईंचा आवाज जरा खाली आला. "सकाळी नाचणीच्या भाकरीचा तुकडा. हाडांना चांगला." शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे सासूबाईंनीच आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवलेलं आहे. "आणि शेवग्याचा पाला. तोही हाडांनाच."

"साहेबांची हाडं उत्तम आहेत," मॅडम एक्स-रेकडे बघत म्हणाल्या.

गाडीत सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. लक्ष्मी रोडवर सिग्नल लागला तेव्हा म्हणाल्या, "मला डॉक्टर म्हणतात कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका, आणि याला म्हणतात शिवू नका. एकाच घरात दोन पथ्यं." नंतर मॅडमनी समजावलं की अगदी बंदही करायचं नाही, शून्य झालं तर दात आणि हाडं बिघडतात, सांडव्यावरून वाहील एवढं द्यायचं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांना गुंगी देऊन नळी घातली, पिशवी सलाईनने पुन्हा पुन्हा धुतली आणि गाळ बाहेर काढला. गुंगीआधी उपाशी ठेवायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ती भीती नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतडं थांबण्याची भीती. ऑपरेशनआधी जेवायला सांगितलेला हा आमच्या घराण्यातला पहिला पेशंट. त्याच्या वाटचा उपास सासूबाईंनी केला, संकष्टी होतीच. संध्याकाळी मॅडमनी बाटलीतला गाळ दाखवला. पांढरट-पिवळा, जाड, चमच्यावरून न ओघळणारा. अण्णांनी बाटली उजेडात धरून तिरपी केली, गाळ बसायला किती सेकंद लागतात ते मनगटावरच्या घड्याळात मोजलं आणि म्हणाले, "बारीक आहे. वाहून जाईल. फक्त प्रवाह पाहिजे."

प्रवाह घरी द्यायचा होता. आठ दिवस रोज मानेच्या सैल कातडीखाली सलाईन. नवऱ्याने सुई बघितली आणि एक नंबरला गेला. मग मुलीने टॉवेलात गुंडाळलेले साहेब छातीशी धरले, मी खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलली, सुई तंबूच्या दारातून आत घातली आणि अण्णांनी बाटली उंच धरली. "हेड वाढवू का?" त्यांनी विचारलं. बाटली वर गेली, थेंब भरभर पडायला लागले आणि साहेबांच्या खांद्यावर बैलासारखं वशिंड आलं. ते हळूहळू एका बाजूला घसरत पुढच्या पायापर्यंत उतरलं आणि दोन तासांत जिरलं. साहेब तेवढ्या वेळात माझ्या कुर्त्याचं बटण खाऊन मोकळे झाले. मॅडमना फोन केला. "बटण खाल्लं? म्हणजे भूक लागली. छान!" त्या म्हणाल्या.

रोज कोमट पाण्याने मागची बाजू पुसायची, लगेच कोरडी करायची, कारण लघवीने भाजल्यासारखी कातडी होते. दुखण्याचं औषध सिरिंजने ओठांच्या कडेतून. पिशवी घरी दाबून बघायची नाही, फुटू शकते. हे शेवटचं वाक्य मॅडमनी नवऱ्याकडे बघून म्हटलं, कारण त्याने एक व्हिडिओ पाहिला होता.

सोसायटीला बातमी कळली. मुतखडा या विषयावर ज्याला मत नाही असा माणूस पुण्यात नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू कुळथाचं कढण घेऊन आल्या. दोन नंबरच्या आजोबांनी पानफुटीचं रोप आणलं. ते विषारी आहे म्हणून सशाच्या वाऱ्यालाही ठेवू नका, असं मॅडमनी फोनवरच सांगितलं. एक काका दाराशी येऊन अण्णांच्या कानात "बिअर" म्हणाले. त्यांचा मुतखडा २० वर्षांपूर्वी पडून गेला होता, उपचार अजून चालू आहेत. एकांनी घरात उरलेल्या अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप दिली. ती तर मी लगेच परत केली. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं सशाला तोंडावाटे दिली की पोटातले चांगले जंतू मरतात आणि मागोमाग ससाही. कॅल्शियमचा गाळ विरघळवणारं औषध किंवा पाला सशासाठी नाही. पाणी, गवत आणि पळापळ, एवढंच.

गवताची गोष्ट सोपी निघाली. परदेशी टिमोथी गवताच्या पाकिटावरची किंमत वाचून अण्णांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग म्हणाले, "हरळी चालेल का, विचार." चालते. हरळी म्हणजे दूर्वा, आणि परदेशात बर्म्युडा गवत म्हणून हीच वाळवून सशांना घालतात. अण्णांचा चेहरा उजळला. मातीच्या धरणाच्या उतारावर पावसाने माती धुपू नये म्हणून हरळी लावतात. त्यांनी नोकरीत एकरच्या एकर लावली होती. "धरणाची माती धुपून गाळ होऊ नये म्हणून मी हेच गवत लावत होतो," ते म्हणाले. साहेबांच्या पोटात हरळी गाळाला धरून ठेवत नाही हे त्यांनाही कळत होतं. तिच्यात कॅल्शियम बेताचं आणि धागा भरपूर, एवढंच तिचं काम. पण एवढ्या वर्षांनी आपलं गवत पुन्हा कामाला लागलं, याचा आनंद काही लपेना.

फवारलेल्या लॉनवरची नको, मशिनने कापलेली नको, म्हणून सासूबाई मंडईतून दूर्वा आणायला लागल्या. एकवीस गणपतीला, बाकीच्या साहेबांना; कुंकू लागलेल्या साहेबांना नाहीत. आठव्या दिवशी फुलवाल्याने विचारलं, "आजी, घरी किती गणपती बसवलेत?"

"एकच आहे," सासूबाई म्हणाल्या, "पण फार खातो."

पाण्याचं काम अण्णांनी हाती घेतलं. उलटी टांगलेली बाटली काढून टाकली, कारण ससे नळीतून थेंब थेंब चाटण्यापेक्षा उघड्या भांड्यातून जास्त पाणी पितात. भांडं उलथू नये म्हणून सासूबाईंचा जुना दगडी खल आला. बत्ता कधीच हरवला होता. पालेभाजी धुऊन, ओलीचिंब द्यायची. किलोमागे दिवसाला ५० ते १०० मिली पाणी पोटात जायला हवं. ते जातंय की नाही हे कळणार कसं? तर एका दुपारी अण्णांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि वर लिहिलं: तारीख, आवक, विसर्ग, गाळ, शेरा.

आवक मोजणं सोपं होतं. सकाळी खलात मोजून पाणी घालायचं, संध्याकाळी उरलेलं मोजायचं. पण तिसऱ्या दिवशी अण्णांच्या मनात आलं की यात बाष्पीभवन धरलेलं नाही. म्हणून त्यांनी तेवढ्याच तोंडाची एक वाटी साहेबांचं तोंड पोचणार नाही अशी टीपॉयवर ठेवली आणि रोज त्यातली घट आवकीतून वजा करू लागले. पाहुण्यांपैकी एकाने ते पाणी पिऊन टाकलं. त्या दिवसाच्या रकान्यात 'मापन रद्द' असं लिहिलेलं आहे. विसर्गासाठी ट्रेमधला कागद आधी कोरडा आणि मग ओला, असा वजनकाट्यावर ठेवायचा. लेंड्या आधी चिमट्याने वेचून घ्यायच्या. वजनकाटा नवा आणला, कारण जुन्यावर सासूबाई पुरणाची डाळ मोजतात.

पावसाळ्यात तर कहर झाला. ट्रेमध्ये वर्तमानपत्र घालतात, त्यातही धरणसाठ्याचं पान अण्णा बाजूला काढून ठेवायचे. आधी स्वतः वाचायचे, मग साहेबांना द्यायचे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला, त्याच दिवशी साहेबांनी २४५ मिलीचा विक्रम केला. अण्णांनी कागदावर गणित मांडलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे दिवसाला साडेचोवीस लाख लिटरच्या जवळपास. "साहेबांचा आजचा विसर्ग," त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "एका क्युसेकचा बरोबर एक कोटीवा भाग. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्याचं कारण नाही."

आम्ही सगळे हसलो. मुलगी हसली नाही. ती फ्रिजकडे बघत होती. मॅडमनी लक्षणांचा कागद दिला होता, तो फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे. तिने उठून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "एक, वारंवार जाणे. दोन, थोडी थोडी होणे. तीन, बराच वेळ बसून राहणे. चार, सुरू व्हायला वेळ लागणे. पाच, मागची बाजू ओली राहणे." मग वळून म्हणाली, "अण्णा, यातली चार तुम्हाला आहेत."

आमटीचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. पॅसेजमधला दिवा रात्री चार-चारदा लागतो हे मला माहीत होतं. संध्याकाळी सहानंतर अण्णा पाण्याचा घोटही घेत नाहीत हेही माहीत होतं. पण सुनेने सासऱ्यांना हे विचारायचं कसं, यासाठी मराठीत अजून शब्द झालेला नाही, आणि ज्याच्याकडे शब्द होते तो मुलगा एक नंबरवर अडकलेला.

"पाचवंही..." सासूबाई म्हणाल्या.

"पुरे!" अण्णा म्हणाले. "वय झालं की होतं."

"साहेबांचं वय झालं नव्हतं," मुलगी म्हणाली. तिने थोडा विचार केला. "अण्णा, धरण भरलंय आणि दरवाजे अर्धेच उघडतायत. मग काय होतं?"

अण्णा बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. शेवटी उत्तर द्यावं लागलं, कारण प्रश्न खात्यातला होता. "फुगवटा येतो," ते म्हणाले. "पाणी मागे चढतं. वरची गावं जातात."

दुसऱ्या सोमवारी सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट वाढलेली, त्या वयात पुष्कळांची वाढते. पिशवी रिकामी होत नव्हती. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: लघवीनंतर शिल्लक १२० मिली. डॉक्टर समजावून सांगणार, एवढ्यात अण्णाच म्हणाले, "मृतसाठा." वरची गावं, म्हणजे मूत्रपिंडं, सुदैवाने सुरक्षित होती. पाणी तोडून काही साधत नाही, ते दिवसा नीट प्यायचं आणि झोपण्याआधी दोन तास आवरतं घ्यायचं, एवढं सांगून डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली.

साहेब आता बरे आहेत. दर तीन महिन्यांनी त्यांची तपासणी होते, एकदा पुन्हा थोडा गाळ दिसला तेव्हा सलाईन द्यावं लागलं, आणि पुढेही लागेल असं मॅडम म्हणतात. ज्याच्या धरणाला वर दरवाजाच नाही त्याचा गाळ कायमचा जात नाही. मारुतीपाशी गाय बसते, सासूबाई आता दोनच जुड्या घेतात. साहेब रोज संध्याकाळी तासभर हॉलमध्ये उंडारतात, नवऱ्याच्या डाव्या बुटावरून उड्या मारतात.

परवा वही साफसफाईत हाताला लागली म्हणून चाळली. मागच्या सोमवारपासून त्यात एक नवा रकाना आहे. वर नाव नाही. फक्त आकडे आहेत, अण्णांच्या टोकदार अक्षरात: रात्री ४. रात्री ३. रात्री ३. रात्री २. काल: रात्री १, शेरा समाधानकारक. आणि खाली 'तपासले' म्हणून मुलीची सही.

पानाचा वरचा कोपरा नव्हता. कडेला बारीक दातांची नक्षी होती. मी वही अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती जागा नीट पाहिली.

"साहेबांनी फाइल बघितली," ते म्हणाले, आणि उठले. "आलोच. लघवीला जाऊन येतो."